शारनागचा राखणदार

"सावली मागं घे, निवास. सावली!"

समदकाक माझ्या पाठीमागं गवतात पालथा पडून ओरडला. ओरडला म्हणजे कुजबुजलाच, पण त्या माणसाची कुजबुजसुद्धा कानाखाली वाजवल्यासारखी यायची. मी गुडघ्यांवर हातभर मागं सरकलो. गवत दंवानं भिजलेलं, विजारीचे दोन्ही गुडघे गार पडलेले. समोर ओढा. दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढी रुंदी, पाणी कमरेइतकं, आणि असं स्वच्छ की तळातला खडा नि खडा मोजून घ्यावा.

पलीकडच्या काठाला, हिरव्या शेवाळाच्या पट्ट्याच्या तोंडाशी, म्हातारी उभी होती.

म्हातारी म्हणजे ट्राउट मासा. हातभर लांब, तपकिरी, अंगावर तांबडे ठिपके. हे नाव समदकाकनं दिलेलं. तीन उन्हाळे आम्ही तिच्या मागं होतो आणि तीन उन्हाळे तिनं आम्हाला वेड्यात काढलं होतं. काठावर पाय जोरात पडला की ती गायब. दोरीची सावली पडली की गायब. एकदा तर मला नुसती शिंक आली होती.

"आज काहीतरी वेगळं आहे," काक म्हणाला. "माझी सावली पडली होती मघाशी तिच्यावर. हलली नाही."

"आपल्याला ओळखायला लागली असेल."

"गप. टाक."

काक म्हणजे तिकडं काका, वडीलधारा. तो हिंदीत बोलायचा, काश्मिरी वळणाची हिंदी. मी ते आपल्या भाषेत सांगतोय. आणि मी इथं काय करत होतो तेही सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल, हा खानापूर तालुक्यातला गडी, ज्याच्या गावात टँकर आला की कळशीवरून भांडणं, तो काश्मिरात झऱ्याकाठी कुठून उपटला?

आम्ही गलाईवाले. जुनं सोनं आणायचं, तेजाबात म्हणजे ॲसिडात टाकायचं, त्यातली चांदी-तांबं बाजूला काढून चोख सोनं सराफाला परत द्यायचं. आमच्या भागातली माणसं हे काम घेऊन अख्ख्या मुलखात पांगली आहेत. माझा मामा, आबामामा, थेट त्या डोंगरातल्या कसब्यात जाऊन बसला होता, आणि मी त्याचा भाचा आणि त्याचाच कारागीर. वय माझं तेव्हा सत्तावीस. तेजाबाच्या धुरानं छाती धरली, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की आठवड्यातून एक दिवस तरी मोकळ्या हवेत जात जा. शुक्रवारी बाजार बंद. मी पायी खाली शारनागला जायला लागलो. नाग म्हणजे तिकडं झरा. डोंगराच्या पोटातून, चुनखडीच्या कपारीतून एकदम ओढाच बाहेर पडायचा. उन्हाळा-हिवाळा तेवढंच पाणी, तेवढंच गार. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसता बघत उभा होतो. आमच्या आईला हे दाखवलं असतं तर ती हात जोडून खाली बसली असती.

पहिल्याच दिवशी मी त्या पाण्यात हात धुतले आणि समदकाक काठी घेऊन अंगावर आला.

"काय काम करतोस? तुझ्या हाताला वास येतो. माझे मासे पळतात. हात तिकडं रस्त्याच्या नळाला धू आणि मग ये."

माझे मासे! सरकारी ओढ्याचा रोजंदारीवरचा राखणदार तो. एकतीस वर्षं रोजंदारीवरच. पण बोलायचा असा, की जसा ओढा त्याच्या आज्यानं खणलाय. मी नळाला हात धुवून परत आलो, याचं त्याला नवल वाटलं असावं. त्यानं चहा दिला, मीठ घातलेला. मला तो गिळवेना. तो हसला. आमची ओळख तिथून.

गळाची काठी धरायला त्यानंच शिकवलं. या ओढ्यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. बारीकशा गळाला कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्यानं बांधायचं, असं की पाण्यावर माशी बसल्यासारखी दिसली पाहिजे. त्या माशीला वजन नसतं, वजन असतं दोरीला. ती दोरी हवेत मागं-पुढं खेळवायची, आणि माशी पाण्यावर अशी ठेवायची की पाण्यालाही कळू नये. मासा आलाच तर ओल्या हातानं धरायचा, गळ काढायचा आणि सोडून द्यायचा.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला होता. "पकडायचा आन् सोडायचा? मग पकडायचाच कशाला रं? आमच्या आज्यानं कदी आसला धंदा केला न्हाई बाबा."

असो. त्या शुक्रवारी मी काठी उचलली. एक झोका मागं, एक पुढं. दोरी सरळ सुटली. माशी शेवाळाच्या तोंडाशी, म्हातारीच्या नाकाच्या वीतभर पुढं, अलगद टेकली. तीन वर्षांत मी असं कधी टाकलं नव्हतं. पाठीमागं काकचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

म्हातारी वर आली. सावकाश. तोंड उघडलं आणि माशी घेतली.

मी काठी उचलली. "लागली! काक, लागली!"

मला वाटलं आता ही ओढा डोक्यावर घेणार, दोरी पळवणार, शेवाळात घुसणार. काकनं शिकवलेलं सगळं मनात तयार होतं. पण ती ओढली तशी आली. एखादं ओलं फडकं ओढावं, तशी. दोन-चार वेळा शेपूट मारली, बस. मी काठाशी वाकलो, हात ओले केले आणि तिला उचललं. मला हसू आवरत नव्हतं. तीन उन्हाळे हो! मी काककडं बघितलं, शाबासकीसाठी.

काक हसत नव्हता. त्यानं म्हातारीला माझ्या हातातून घेतलं, तिचे कल्ले उघडले आणि बोट फिरवलं. बोटाला चिकट, शेंबडासारखं काहीतरी लागलं.

"ही लढली का नाही?" तो म्हणाला.

"म्हातारी झाली असेल, काक."

"नाही." त्यानं तिला पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडं करून, हलकं हलकं मागं-पुढं करत. थकलेला मासा असा शुद्धीवर येतो. खूप वेळ धरलं. मग हात काढला. म्हातारी आडवी झाली, पोट वर आलं, पांढरं, आणि पाणी तिला घेऊन चाललं.

मग वरच्या अंगानं दुसरा मासा आला. तोही पोट वर करून. मग तीन. मग मी मोजायचं सोडलं.

समदकाक पायातल्या बुटांसकट ओढ्यात उतरला. एकेक मासा धरायचा, तोंड प्रवाहाकडं करायचा, मागं-पुढं करायचा, सोडायचा. तो आडवा व्हायचा. पुढचा धरायचा. "उठ, उठ की रे," असं काहीतरी त्याच्या भाषेत म्हणत होता. पिढ्यान्‌पिढ्या त्याच ओढ्यात वाढलेले मासे ते. कुठल्या हौदातले आणून सोडलेले नव्हेत. काकला त्याचा कोण अभिमान! आणि सोमवारी त्याचा मोठा साहेब येणार होता, हे मासे बघायला. ओढा राखीव करायचा आणि समदकाकला कायम करायचं, असं जवळजवळ ठरलेलं होतं. एकतीस वर्षांनी. त्यासाठी त्यानं आदल्या दिवशी बाजारात जाऊन खाकी कोट इस्त्रीला टाकला होता.

तासाभरात खालच्या वस्तीवरची माणसं टोपल्या घेऊन आली. काक त्यांच्या हातापाया पडत होता. "खाऊ नका. विषानं मेलेत. पोरांना देऊ नका."

"ब्लीचिंग पावडर टाकली असणार कुणीतरी," एक जण म्हणाला. तिकडं चोरून मासे मारणारे तेच करतात. "आणि राखणदार काय करत होता?" दुसरा म्हणाला. हे वाक्य त्या सकाळी पहिल्यांदा निघालं. नंतर ते थांबलंच नाही.

काकनं माझं मनगट धरलं. "चल वर. कुठून टाकलंय ते बघू."

आम्ही ओढ्याच्या काठानं वर वर गेलो. मेलेले मासे सगळीकडं. पाणचक्कीपाशी, पुलाखाली. शेवटी जिथं पाणी डोंगरातून बाहेर पडतं त्या कपारीपर्यंत पोचलो. तिथंही, अगदी तोंडाशी, बोटाएवढी चार पिल्लं दगडाला चिकटून मेलेली होती.

"याच्या वर ओढाच नाही," काक म्हणाला. "आणि इथं कोण काय टाकणार? पीरबाबाचं थडगं इथं. दिवसभर बायका पाणी भरतात." तो कपारीकडं बघत राहिला. "हे आतून आलंय."

"आतून म्हणजे?"

"डोंगरातून. माझा आजा सांगायचा, वर बाजाराच्या मागं एक भोक आहे डोंगराला. त्यात कुणी भाताचा कोंडा टाकला होता. दुसऱ्या दिवशी तो कोंडा इथून बाहेर पडला." तो आपल्याच नादात बोलत होता. त्याला त्यातून काही म्हणायचं नव्हतं. "पण डोंगराच्या पोटात विष कोण टाकेल?"

मी खाली बसलो. काकला वाटलं, मासे बघून मला मळमळतंय. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आता आदला दिवस सांगतो.

आमच्या कामात तेजाबात चांदी विरघळते. त्यात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की चांदी खाली बसते आणि वर उरतं ते निळंशार पाणी. त्यात सगळं तांबं आणि उरलेलं तेजाब. गावाकडं असताना आम्ही त्यात लोखंडाचं भंगार टाकायचो, मग चुना, मग कुठंतरी खड्ड्यात. मामा इथं ते नाल्यात सोडायचा थोडं थोडं. नाला निळा झाला, घरमालकानं आरडाओरडा केला, आणि नगरपालिकेची माणसं शनिवारी बघायला येणार अशी बातमी लागली. दुकानामागं निळ्या पाण्याचे नऊ मोठे कॅन भरून पडलेले.

"कुटं टाकायचं रं हे?" मामा कपाळाला हात लावून बसला होता. "घावलं तर दुकानाला टाळं लागंल."

आणि तोंड उघडलं ते मी. मी! "मामा, वरच्या अंगाला डोंगराला एक भोक हाय. सगळा चुनखडीचा खडक. चुन्यानं तेजाब मरतंय का न्हाई? डोंगर खाऊन टाकील."

मामानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "शाना हाईस. भाचा कुणाचा!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना. चुन्यानं तेजाब मरतं हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तांबं मरत नाही, ते पाण्यातून तसंच पुढं जातं, हेही मला ठाऊक होतं. मी त्याचा विचारच केला नाही. गुरुवारी भर दुपारी आम्ही हातगाड्यावर कॅन लादले, वर ताडपत्री टाकली आणि निघालो. चढावर चाक चिखलात रुतलं. मामा पुढून ओढतोय, मी मागून ढकलतोय, गाडा काही हलेना. आणि तेवढ्यात समोरून कोण आला असेल? समदकाक. कोट इस्त्रीला टाकून परत निघालेला.

"अरे निवास!" त्यानं पिशवी बाजूला ठेवली आणि खांदा लावला. चिखलात घोट्यापर्यंत उभा राहून त्यानं तो गाडा आमच्याबरोबर वरच्या सपाटीपर्यंत नेला. चांगला तासभर गेला असेल. "जड आहे. काय आहे यात?"

"कामाचं पाणी आहे, काक."

"बरं," म्हणाला. कपाळाचा घाम पुसला आणि उतरून गेला. त्याच्या पाठीमागं आम्ही वळलो आणि भोकाशी जाऊन कॅन उपडे केले. पांढरा फेस वर आला, खडक सूं सूं करत राहिला, आणि मग सगळं आत गेलं. मला तेव्हा भारी वाटलं होतं, खरं सांगतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी परत एकटा खाली गेलो. खिशात एक लोखंडी खिळा होता, दगडावर घासून लख्ख केलेला. कपारीच्या तोंडाशी एका खळग्यात पाणी साचलेलं होतं, त्यात टाकला आणि बसलो. पाण्यात तांबं असेल तर ते लोखंडावर चढतं. ही आमची घरचीच खूण, आम्ही रोज बघतो. अर्ध्या तासानं खिळा काढला. टोकाशी तांबूस झाला होता. फार नाही, जरासा. पण माझे डोळे त्यातच मुरलेले. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी तो मामापुढं ठेवला. "मामा, आपण मारले मासे."

मामानं खिळा बघितला आणि झटकन मुठीत घेतला. मग म्हणाला, "कुणाला बोल्लास?"

"न्हाई."

"मग बोलू नगंस."

"मामा, त्या म्हाताऱ्यावर घेतील. त्यो कायम व्हनार हुता."

"आन् आपलं काय व्हईल? आपन परमुलकातली मानसं. उद्या म्हनतील ह्यांनी झऱ्यात इख कालवलं. पानी पितात रं ती ते! बायका भरत्यात पानी!" मामाचा आवाज चिरकला. तो घाबरला होता, आणि घाबरण्यासारखंच होतं ते. "तुजी मामी, तुजी आई, समदी ह्याच दुकानावर हाईत. म्हाताऱ्याचं काय, दोन दिस वरडतील आन् सोडून देतील."

मी गप्प बसलो. मामाच्या तोंडून निघालं म्हणून मामावर ढकलता येतं. पण मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी त्याच्याकडं गेलो होतो.

सोमवारचा साहेब शनिवारीच आला. झऱ्याजवळ राखणदाराची एक लाकडी खोली होती, तिथं खुर्ची टाकून बसला. बाहेर वस्तीवरची वीसेक माणसं. मला निरोप आला, समदकाकनं तुझं नाव सांगितलंय, ये. जाताना मामानं माझा खांदा दाबला.

काकनं तो इस्त्रीचा खाकी कोट घातला होता. मला बघितलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. "हा बघा साहेब, आला. हा परगावचा माणूस. याला कुणाची बाजू नाही. याला विचारा."

साहेब वाईट माणूस नव्हता. दमलेला दिसत होता. "हे बघा," तो मला म्हणाला, "गुरुवारी दुपारी माझा माणूस इथं फेरीला आला होता. राखणदार जागेवर नव्हता. दीड-दोन तास नव्हता. त्याच वेळात कुणीतरी पावडर टाकली असणार. लोक म्हणतात, यानंच टाकू दिली. हा म्हणतो, विष डोंगरातून आलं." बाहेरची माणसं हसली. "आणि हा म्हणतो, बाजारात अर्धा तास गेला आणि उरलेला वेळ तो तुमचा गाडा चढावर ढकलत होता. बरोबर?"

सगळे माझ्याकडं बघत होते. काक मान हलवत होता, सांग, सांग, अशी. एका शब्दाचं काम. होय. पण मग साहेब विचारणार, गाड्यात काय होतं? कुठं नेत होता? आणि डोंगरातून विष आलं या गोष्टीवर मग कुणी हसलं नसतं.

माझ्या डोळ्यांपुढं मामाचा चेहरा आला, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. माझ्या डोळ्यांपुढं मीच होतो. त्या वीस माणसांच्या मधोमध उभा.

"नाही," मी म्हणालो. "गुरुवारी मी दुकानातच होतो. काक मला भेटला नाही."

साहेबानं कागदावर लिहिलं.

समदकाक माझ्याकडं बघत राहिला. आधी त्याला वाटलं, मी विसरलोय. मला आठवण द्यायला त्यानं तोंड उघडलंसुद्धा. "अरे, चाक रुतलं होतं, तुझा मामा पुढं..." आणि तो थांबला. मी त्याला थांबताना बघितलं. तो गाडा, ती ताडपत्री, ते जड पाणी, आजाचा कोंडा, सगळं त्याच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत गेलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मला दुसरीकडं बघता येईना. आता हा बोलणार. बाहेर वीस माणसं उभी आहेत. आता माझं आणि मामाचं काही खरं नाही.

"साहेब," काक म्हणाला, "माझी चूक झाली. म्हातारा झालोय. तो दुसरा कुणीतरी गाडेवाला होता."

"कोण?"

"ओळखत नाही."

"मघाशी तर नाव घेतलंस."

"चुकलो."

बाहेर कुणीतरी थुंकलं. साहेबानं पेन मिटलं. सकाळपासून ओढ्यातले मेलेले मासे काढून काढून काकचे कोटाच्या बाह्यांबाहेर आलेले पंजे पांढरे पडले होते. तो ते एकमेकांवर चोळत उभा होता. मी बाहेर पडलो तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

त्याच आठवड्यात त्याला कमी केलं. कायम करणं राहिलं, रोजंदारीही गेली. वस्तीवर त्याला चोराचा साथीदार म्हणायला लागले. हे मला बाजारात ऐकू यायचं, सोनं वितळवताना, सराफाच्या माणसाशी बोलताना. मी मान हलवायचो. मी शुक्रवारी खाली जायचं बंद केलं. नगरपालिकेची माणसं येऊन गेली, त्यांना काही सापडलं नाही. मामा मात्र झोपेनासा झाला. चोराच्या मनात चांदणं. महिन्याभरात त्यानं दुकान हलवायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. मामा वर टपावर सामान बांधून घेत होता. खिडकीवर टकटक झाली. समदकाक. खोलगट डोळे, दाढी वाढलेली. मी काच सरकवली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मला त्या पाहिजेही होत्या, देवाशपथ. चार माणसांत त्यानं माझी गचांडी धरली असती तर मी सगळं ओकलो असतो.

"निवास," तो हळू म्हणाला, "मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. सांगितलं असतं तर लोकांनी तुम्हा दोघांना जिवंत सोडलं नसतं, आणि ते पाप मला नको होतं. मला फक्त एक सांग. ते अजून किती दिवस येत राहील?"

"काय, काक?"

"पाण्यातून. किती होतं? सगळं येऊन गेलं का अजून आत आहे? तुला तुझ्या कामातलं कळतं. वरच्या नदीतून पिल्लं आणून सोडावीत म्हणतो. एकदा सोडली की माझ्या हातानं मरायला नकोत. म्हणून विचारतो."

मामा टपावरून खाली उतरला होता आणि दारातून बघत होता. बस भरलेली. मी म्हणालो,

"तुम्ही कशाबद्दल बोलताय, मला कळत नाही, काक."

त्यानं दारातल्या मामाकडं बघितलं. मग मान हलवली. "बरं. खिडकी लावून घे. घाटात गार लागेल, तुझी छाती नाजूक आहे." आणि गेला.

पुढचं मला आमच्या धंद्यातल्या एका माणसाकडून कळलं. तो अजून तिकडंच आहे, गावी आला की भेटतो. त्याला यातलं काही ठाऊक नाही, तो एक गंमत म्हणून सांगायचा. म्हणायचा, तिकडं एक वेडा म्हातारा आहे. दर चैत्रात पत्र्याच्या डब्यात माशाची पिल्लं घेऊन सात कोस चालत झऱ्यावर येतो. डब्यातलं एकच पिल्लू पाण्यात सोडतो आणि काठावर बसून राहतो. संध्याकाळपर्यंत ते मरतं. मग बाकीची पिल्लं परत डब्यातून सात कोस वर नदीला नेऊन सोडतो. तीन वर्षं त्यानं असं केलं. लोक हसतात, म्हणायचा.

चौथ्या वर्षी मी त्याला आपण होऊन विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं काय?"

"मेला की तो थंडीत," तो म्हणाला. "आणि मजा बघा, यंदा त्या झऱ्यात पोरांना दोन-तीन मासे दिसले म्हणे. कुठून आले कुणास ठाऊक, खालच्या अंगानं आपणच चढून आले असतील."